पत्र्याच्या पेटीतली परडी

आमच्या घरात देव नव्हता, पण कापूर मात्र किलोनं यायचा. कापूर, लिंबं, हळद, कुंकू, नारळ, उदबत्त्यांचे पुडे, एखाद्या पुजाऱ्याच्या घरी नसेल इतकं सामान आमच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत भरलेलं असायचं, आणि त्यातलं चिमूटभरही कुठल्या देवापुढं जायचं नाही. बाबा त्याला 'प्रयोगाचं सामान' म्हणायचे. ते सरकारी कारखान्यात सुपरवायझर होते, आणि सुट्टीच्या दिवशी बस्त्यांमधून, शाळांमधून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत हिंडायचे. पेटता कापूर जिभेवर घ्यायचे, पाणी शिंपडून नारळ पेटवायचे, लिंबातून रक्त काढायचे, आणि मग सगळं उलगडून सांगायचे. आज माझ्या स्वतःच्या देवघरात मी कापूर लावते तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी देवी आठवत नाही. बाबांची जीभ आठवते.

हैदराबादच्या विद्यानगरातली आमची ती कॉलनी युनियनवाल्यांनी आणि शेजारच्या विद्यापीठातल्या मास्तरलोकांनी मिळून बांधलेली. आपल्या कॉलनीत देऊळ नाही, हा सगळ्यांचा अभिमानाचा विषय. दाराला तोरण नाही, अंगणात तुळस नाही, लग्नं हार घालून, दोन भाषणं ऐकून आणि चहा-मिक्श्चर खाऊन व्हायची. मुलींची नावं समता, चेतना, माझं क्रांती. आई मात्र आम्ही दोघीच असलो की मला अंबू म्हणायची. दसऱ्याला शेजारच्या सुगुणाअक्का पुळिहोरा करायच्या, चिंचेचा तो पिवळाधमक भात, वर शेंगदाणे आणि कढीपत्ता, पण त्याला प्रसाद म्हणायची सोय नव्हती, टिफिन म्हणायचं. त्यांचे यजमान रावकाका कॉलनीचे सेक्रेटरी. मोठ्या मनाचा माणूस, कुणाच्या घरी आजारपण आलं तर आधी धावणारा, पण देवाचं नाव निघालं की त्यांना चेव चढायचा. वाईट माणसांत राहिले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. ही सगळी चांगली माणसं होती, आणि मी त्यांच्यातली नव्हते.

मी मानत होते. कधीपासून, ते सांगता येणार नाही. आईच्या पोटातूनच घेऊन आले असेन. आईचं माहेर उस्मानाबादकडचं, तुळजापूरच्या भवानीचं. तिची आई गेली तेव्हा मागं परडी राहिली आणि ती घ्यायला घरात सून नव्हती. परडी म्हणजे वेळूची लहानशी टोपली, आईसाहेबांची. ती जिच्याकडं येते तिनं मंगळवारी नाही तर शुक्रवारी, निदान नवरात्रात तरी, पाच घरी जाऊन जोगवा मागायचा. कुणी पीठ घालतं, कुणी ज्वारी, कुणी मीठ-मिरची. घरी कणग्या भरलेल्या असल्या तरी मागायचंच. मान वाकावी म्हणून तर ते. परडी रिकामी ठेवायची नाही. चपला घालून तिला हात लावायचा नाही. आणि पालथी तर कधी म्हणजे कधीच घालायची नाही. परडी पालथी पडली की घरातली बाई जाते, असं आजी सांगून गेलेली. आईनं ती परडी ज्वारीच्या पोत्यात घालून हैदराबादला आणली आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागं लपवली. बाबांना दिसलं तर? ते ओरडले नसते, मारलं तर मुळीच नसतं. ते फक्त बघत राहिले असते, आणि मग आईशी बोलणं बंद झालं असतं. एकदा आई शेजारणीबरोबर कुठल्याशा बुवाच्या प्रवचनाला जाऊन आली, तेव्हा ते सबंध पावसाळाभर तिच्याशी बोलले नव्हते. ताट पुढं आलं की जेवायचे, तेवढंच. ते घर मला आठवतं. कुकरची शिट्टीसुद्धा दचकवायची.

म्हणून आईनं काचीगुडा शोधला. स्टेशनमागच्या गल्लीत आपल्या मराठी लोकांची जुनी घरं होती, त्यातली पाच तिनं धरली होती. नवरात्रातल्या शुक्रवारी भाजीचं निमित्त करून आम्ही दोघी बसनं जायचो. वायरच्या पिशवीत तळाशी परडी, वर लाल फडकं. घरोघरी आई दारात उभी राहून हलक्या आवाजात म्हणायची, "आईसाहेबांचा जोगवा." आतली बाई सूप घेऊन यायची, परडीत धान्य घालायची, आईला कुंकू लावायची आणि मलाही. परत येताना बसस्टॉपवर आई पदराच्या टोकाला थुंकी लावून आमची दोघींची कपाळं पुसायची आणि पिशवीत वरून अंबाडीची जुडी ठेवायची. बसमध्ये कॉलनीतलं कुणी चढलं की मी पुन्हा एकदा कपाळावरून हात फिरवायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरी आलो की त्या जोगव्याच्या ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी व्हायची, वर लसणाची फोडणी. बाबा दोन भाकऱ्या जास्त खायचे आणि म्हणायचे, आज काय चव आलीय गं सुमन. आई माझ्याकडं बघायची नाही, मी तिच्याकडं बघायची नाही.

हे एक भय. दुसरं त्याच्याहून वाईट. बाबांच्या कार्यक्रमात देवी मी व्हायची. केस मोकळे, कपाळभर हळद, घुमायचं, हुं हुं करायचं; मग बाबा माझ्या तोंडावर पाणी मारून विचारायचे, कोण आहेस तू? आणि मी नीट उभी राहून सांगायची, क्रांती, दहावी ब. लोक टाळ्या वाजवायचे. घुमताना मी मनातल्या मनात एकच म्हणत असायची, आईसाहेब, हे नाटक आहे, तू रागावू नको, तू खरंच येऊ नको. ती खरंच आली तर बाबा लोकांना काय सांगणार, याची मला काळजी. ज्या तोंडानं हुं हुं केलं त्याच तोंडानं मी घरी पांघरुणात शिरून क्षमा मागायची. इकडं आड तिकडं विहीर. कुणाला सांगावं? आईला सांगितलं असतं तर तिनं ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतं.

त्या वर्षी तर सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. गच्च्यांवर डिशा उगवल्या होत्या, कोपऱ्यावरच्या पानटपरीत नव्या रंगांची थंड पेयं आली होती, आणि त्याच वेळी बाबांच्या कारखान्याला कुलूप लागणार, लोकांना पैसे देऊन घरी बसवणार, अशी बोलणी सुरू झाली होती. संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणसं जमायची, चहाचे पेले गार व्हायचे. वीस-वीस वर्षं मोर्चे काढलेली ती माणसं एकदम हळू बोलायला लागली होती. बाबा म्हणायचे, घाबरून कसं चालेल. पण रात्री ते कूस बदलायचे तेव्हा पलंग कुरकुरायचा आणि मला जाग यायची. आणि अशात आईच्या पोटात गाठ निघाली.

सिकंदराबादच्या दवाखान्यात तिला ठेवलं. शनिवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, खट्टी दाळ आणि मऊ भात. तिनं चार घासही खाल्ले नाहीत. बाबा डॉक्टरांना भेटायला गेले तशी तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. ती म्हणाली की ती इथं असताना स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात, ते तांदळाचा डबा हलवणारच, म्हणून निघायच्या आधी तिनं परडी तिथून काढली आणि बाबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली. हळदी-कुंकवाच्या त्या पसाऱ्यात आणखी एक परडी कुणाला दिसणार? शिवाय ती घरी येईपर्यंत एकही कार्यक्रम घ्यायचा नाही, असं बाबांनी तिला कबूल केलं होतं.

"आज शुक्रवार आहे, अंबू," ती म्हणाली. "परडी रिकामी आहे. पाच घरं माग. रिकामी परडी मागं ठेवून मला उद्या त्या टेबलावर झोपवणार नाही गं."

मी हो म्हणाले. बाबा अजून डॉक्टरांच्या खोलीबाहेर ताटकळत होते, म्हणून मी एकटीच बसनं निघाले. काय सोपं काम होतं, बघा: पेटी उघडायची, परडी काढायची, काचीगुड्याला जायचं. वाटेतच मनात घरांचा क्रम लावून ठेवला. कॉलनीच्या फाटकाशी उतरले तर तिथं ही गर्दी.

फाटकाजवळच्या कडुनिंबातून दूध गळत होतं. पांढरा फेसाळ रस, खोडावरून ओघळत खाली आलेला. तसा दोन दिवसांपासून गळत होता म्हणे, पण त्या सकाळी कुणीतरी खोडाला हळद-कुंकू लावलं होतं, उदबत्ती खोचली होती, आणि ती उदबत्ती बाहेरच्यानं लावलेली नव्हती. कॉलनीतल्याच कुणी बाईनं पहाटे येऊन लावली होती. रावकाका लालबुंद झाले होते. वीस वर्षांत जे घडलं नाही ते आता, कारखाना बुडायच्या वेळी, घडतं म्हणजे काय? त्यांनी दवाखान्यात फोन लावून बाबांना गाठलं होतं. आजच्या आज कार्यक्रम, कॉलनीच्या हॉलमध्ये, लेकराबाळांसकट सगळ्यांसमोर. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग हो. मी घराकडं धावले. पलंगाखाली वाकून बघितलं तर पेटीच्या जागी नुसता धुळीचा चौकोन. आमच्या घराची एक किल्ली रावकाकांकडं असायची, ते पेटी आधीच हॉलमध्ये घेऊन गेले होते.

मी तशीच मागं फिरले. हॉलमध्ये गेले तर पेटी स्टेजवर, भोवती पोरंच पोरं. जवळ जायचा दोनदा प्रयत्न केला, रावकाकांनी दोन्हीदा मला हटकलं, अरे बेटा, बाबा को आने दे. तेवढ्यात बाबा आलेच, स्कूटर लावून तसेच, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. कामाला लाग, असं. त्या दिवशी मी घुमले नाही. मी केस सोडायलाच तयार होईना, बाबांना वाटलं मला आईची काळजी लागलीय, आणि ते म्हणाले, तू नुसती सामान दे.

त्यांनी कडुनिंबाचं समजावून सांगितलं: झाडाला आतून रोग होतो, रस आंबतो, साल फोडून बाहेर येतो. मग कापूर झाला, लिंबू झालं. मी एकेक वस्तू वरच्या वर काढून देत होते आणि तळाचं लाल फडकं हातानं झाकत होते. नारळ तेवढा उरला. तो कोपऱ्यात अडकला होता, मला निघेना. बाबा स्वतः वाकले. नारळाबरोबर ते लाल फडकं वर आलं आणि सुटलं, आणि परडी त्यांच्या हातात राहिली. आत कवड्यांची माळ, ज्वारीचे चार दाणे, जुनं काळपट कुंकू.

रावकाकांना वाटलं नवा प्रयोग आहे. ते खुशीत येऊन पुढच्या रांगेतून ओरडले, "अरे वा, इसकू उल्टा करो साब! देखिंगे क्या करतीं तुम्हारी देवी!" पोरं टाळ्या वाजवायला लागली, उल्टा, उल्टा. बाबा हलले नाहीत. हॉलमधले सगळे तेलुगू नाही तर उर्दू बोलणारे. मी बाबांच्या अगदी जवळ सरकले आणि मराठीत म्हणाले, "बाबा, पालथी नका घालू. आईची आहे. तिचं उद्या ऑपरेशन आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. मी त्या नजरेची इतकी वर्षं धास्ती घेतली होती, आणि ती नजर आलीच नाही. मग मी खाली बघितलं, डोळ्याला डोळा देववेना म्हणून, आणि मला दिसलं की बाबांचा उजवा पाय चपलेतून हळूच बाहेर येतोय. मग डावा. पायाच्या अंगठ्यानं त्यांनी दोन्ही चपला मागं सारल्या. पेटीच्या आडोशानं ते आणखी कुणाला दिसलं नाही. ते परडी दोन्ही हातांत छातीशी धरून अनवाणी उभे होते.

आणि तेव्हा, सांगते, तोवर कधी घाबरले नव्हते इतकी मी घाबरले. आजवर मला वाटायचं की मी बाबांना भिऊन आहे. तसं नव्हतं. बाबांच्या न मानण्याच्या आडोशाला बसून मी मानत होते. आईसाहेब कोपल्या तर मध्ये बाबा आहेत, ते कापरासारखं त्या कोपालाही जिभेवर घेऊन विझवतील, असा माझा कुठंतरी आत हिशेब होता. आता तेच भ्यायले होते. म्हणजे ते सगळं खरं होतं: पालथी पडलेली परडी, गेलेली बाई, सगळं. लोक म्हणतात श्रद्धेनं धीर येतो. येत असेल. मला त्या संध्याकाळी स्टेजवर पक्की श्रद्धा बसली आणि माझे दात वाजायला लागले.

बाबा गर्दीला एवढंच म्हणाले, "ये सामान शो का नहीं है." रावकाका काहीतरी हसून बोलायला गेले आणि बाबांचा चेहरा बघून पुन्हा खुर्चीत बसले. नारळाचा प्रयोग झालाच नाही. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. सुगुणाअक्का जाता जाता स्टेजपाशी थांबल्या, परडीकडं बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि निघून गेल्या. कडुनिंबाला उदबत्ती कुणी लावली, हे मला तेव्हा कळलं. बाबांनाही कळलं असावं; ते कधी बोलले नाहीत.

"कुठं मागते ती?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. मी काचीगुडा सांगितलं. किती वर्षं, असं ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. परडी माझ्या हातात दिली आणि स्कूटरला किक मारली. ती दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि मला दिसलं की पाय अनवाणीच आहे. सबंध रस्ताभर मी परडी मांडीत धरून मागं बसले होते आणि ब्रेकवरच्या त्या उघड्या पावलाकडं बघत होते. पुढं आत्यानं मला सांगितलं की बाबांच्या आईकडंही परडी होती आणि लहानपणी ते तिचा पदर धरून पाच घरं हिंडायचे, अनवाणी, उन्हातान्हात. ते गाव सोडताना त्यांनी काय काय टाकून दिलं होतं, ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

काचीगुड्यात ते गल्लीच्या तोंडाशी स्कूटर धरून उभे राहिले. मी एकटी गेले. पहिल्या दारात आवाजच फुटेना. बाईंनी ओळखलं, म्हणाल्या, आई नाही आली? मी रडायला लागले तशी त्यांनी मला जवळ घेतलं आणि आतून पसाभर ज्वारी आणली. दुसरीकडं पीठ मिळालं, तिसरीकडं तांदूळ. चौथ्या घरी कुणी लवकर दार उघडेना आणि मी कडी वाजवतच राहिले. शेवटी आतून म्हातारं माणूस काठी टेकत आलं आणि सून बाहेर गेलीय म्हणत त्यानंच डाळ घातली. पाचव्या घरून मिठाचा खडा आणि दोन लाल मिरच्या. परत येताना मी सवयीनं कपाळावरचं कुंकू पुसायला हात उचलला. बाबा म्हणाले, राहू दे.

सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आईला हिरवा झगा घातला होता. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. बाबा शेजारीच उभे, म्हणून मी नुसती पापणी मिटून हो म्हणणार होते, तेवढ्यात बाबाच बोलले.

"परडी भरलीय."

आईचा चेहरा पांढरा पडला. ऑपरेशनला ती भ्यायली नव्हती तितकी या दोन शब्दांना भ्यायली. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ते रागावलेत का, हे न विचारता तिनं भलतंच विचारलं.

"अहो, चपला घालून तर हात नाही ना लावलात?"

बाबा खिडकीकडं बघायला लागले. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती. "चपला हॉलमध्येच राहिल्या," ते म्हणाले. "जाऊन बघायला पाहिजेत."

आईनं हात पुढं केला आणि त्यांच्या शर्टाची बाही धरली, आणि माणसं स्ट्रेचर ढकलायला आली तरी सोडली नाही. शेवटी नर्सनं तिची बोटं एकेक करून सोडवली. आई त्यातून उठली आणि बाबांच्या मागंही पुष्कळ वर्षं जगली, पण ते त्या सकाळी आम्हाला कुठं ठाऊक होतं? दार बंद झालं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. बाबांनी माझ्याकडं न बघता विचारलं, असल्या वेळी काय म्हणता गं तुम्ही? मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले नाहीत. पण मी म्हणत असताना त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला, आणि दोघांचेही हात सारखेच गार होते.